मंगळवारची घार

रवळूला संशय घ्यायला कारण लागत नसे. दुधावरची साय पातळ दिसली तर तो मांजराच्या आधी बायकोकडं बघायचा, आणि बायको मनुबाई माहेरी गेलेली असली तर शेजारणीकडं. बसमध्ये शेजारचा माणूस जागा असला तर हा एक खिसा धरून बसायचा, आणि तो डोळे मिटून बसला तर दोन्ही खिसे. कुणी त्याचं फार वाकडं केल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. रवळूचं म्हणणं असं की, केलंय बेमालूम, म्हणून तर आठवत नाही.

कडोलीच्या पलीकडं, माळाच्या पोटाशी त्याचं गाव. नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत आणि त्यांना राग लवकर येतो. साल एकोणऐंशी. पुढच्या उन्हाळ्यात लक्ष्मीची यात्रा भरायची होती, तीही बऱ्याच वर्षांनी, म्हणून दसरा झाल्यापासून गावानं मंगळवारचा वार पाळायला घेतला होता. वार पाळायचा म्हणजे त्या दिवशी शेतात पाऊल टाकायचं नाही. नांगर नाही, विळा नाही, दळणकांडण नाही, जनावरंसुद्धा गोठ्यात. रान त्या दिवशी देवीचं.

आदल्या संध्याकाळी गल्लीगल्लीतून वाराची हाळी द्यायची ती रवळूच्या घरानं, आणि यात्रेत देवीला गाड्यावर बसवताना पहिला हात लावायचा तोही रवळूच्याच घरानं. आज्यापासून चालत आलेला मान. कुणी वार मोडला तर त्यानं देवीपुढं नारळ फोडायचा, समईला तेल घालायचं, यात्रेत त्याच्या घराला गाड्याची दोरी धरता यायची नाही, आणि हाळी देताना त्याचं नाव गल्लोगल्ली पुकारलं जायचं. पण मानकऱ्यानंच वार मोडला तर गोष्ट वेगळी. मग मान त्याच्या घरातून उठून जवळच्या भाऊबंदाच्या दारात जायचा. रवळूचा जवळचा भाऊबंद म्हणजे त्याचा चुलत भाऊ भरमू.

या भरमूच्या आणि रवळूच्या भातात एक बांध होता. बांध रुंद, कमरेएवढं गवत वाढलेला. रवळूच्या मते तो बांध चालत होता. दर साली थोडा थोडा रवळूकडं सरकत होता, आणि बांधाला पाय नसतात, तेव्हा त्याला सरकवणारा कोण हे सांगायला ज्योतिषी नको होता. फक्त भरमू हाताला लागत नव्हता. रवळू रानात असला की भरमू गरीब गाईसारखा आपलं भांगलत बसायचा. म्हणजे तो कोरतो ते आपण नसताना. आपण हमखास नसतो कधी? मंगळवारी.

हे ध्यानात आलं तेव्हा रवळूला स्वतःच्या अकलेचं कौतुक वाटलं. सोमवारी संध्याकाळी त्यानं नेहमीप्रमाणं हाळी दिली, उद्या रानात कुणी जायचं न्हाय म्हणून सगळ्या गावाला बजावलं, आणि मंगळवारी सकाळी मनुबाईला पाहुण्याच्या गावाला जातो असं सांगून माळाला वळसा घालून आपल्याच शेतात चोरासारखा शिरला. शिरताना त्यानं देवीला हात जोडले. काम करायला आलो नाही आई, नुसता बघायला आलोय, असं म्हणाला. देवीला हे पटलं असावं असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं आणि बांधाच्या बुडाशी पोटावर आडवा झाला.

भात पिकायला आलं होतं. खाली ओल, वर ऊन, मानेवर किडे. भरमू आला नाही. बांधाच्या पलीकडं मधूनच गवत खसखसायचं, पण ते मुंगूस असावं. ऊन कलायला लागलं तरी कोणी आलं नाही, आणि रवळूला भरमूचा अधिकच राग आला. इतका बेरकी, की यायला हवं तेव्हा येतसुद्धा नाही.

तेवढ्यात अंगावरून सावली गेली. एक तपकिरी घार भाताच्या लोंब्यांना पोट घासेल इतक्या खालून, पंख जरासे वर धरून, सावकाश तरंगत बांधावरून निघाली होती. एरवी माणसं असताना ती एवढी खाली येत नसे. रवळूनं मान वर करून बघितलं, आणि घारीच्या पलीकडं, माळाच्या उतारावर, त्याला एक माणूस बसलेला दिसला. त्या माणसाच्या तोंडासमोर हातभर लांब काळं नळकांडं होतं आणि ते थेट रवळूवर रोखलेलं होतं.

रवळूनं तोंड चिखलात घातलं. बऱ्याच वेळानं तो सरपटत मागच्या अंगानं निघाला, ओढ्यात हातपाय धुतले आणि गावात आला. मनुबाईनं विचारलं, पाहुणे कसे आहेत. तो म्हणाला, बरे आहेत. तिनं त्याच्या शर्टावरचा चिखल बघितला आणि काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचाही त्याला संशय आला.

बसून विचार केला तेव्हा सगळं उलगडलं. ते नळकांडं कॅमेऱ्याचं, आणि माळावर फोटोवाला कशाला बसेल? भरमूनंच आणून बसवला. आपण जाणार हे भरमूनं आधीच ताडलं होतं. वार मोडताना मानकऱ्याचा फोटो निघाला की पुराव्याला काही तोटा नाही, मान आपसूक त्याच्या घरात. बांध कोरण्याचं तर निमित्तच. रवळूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संध्याकाळची बेळगावची बस फाट्यावर यायच्या आधी तो तिथल्या कट्ट्यावर जाऊन बसला. फोटोवाला आला. तिशीतला, चष्मा लावलेला, खांद्यावर कॅनव्हासची पिशवी, पँटीला कुसळं चिकटलेली.

"कुठलं म्हणायचं गाव?" रवळूनं विचारलं.

"मूळ निपाणी. आता बेळगावात असतो, टेलिफोन ऑफिसात. भीमसेन माझं नाव."

"निपाणीत कुणाच्यातलं?"

हा प्रश्न भीमसेनला नवा नव्हता, आणि उत्तर देताना तो आवाज खाली आणत नसे. "आई-वडील तंबाखूच्या वखारीत कामाला होते. बौद्ध आम्ही."

रवळू कट्ट्यावर जरा सरकला. आपण सरकलो हे भीमसेनला दिसलं हेही रवळूच्या लक्षात आलं, पण पुन्हा जवळ सरकायला काही जमलं नाही.

"फोटो कशाचं काढालाय?"

"भोवत्या म्हणतात त्या पक्ष्याला. घारीच्याच भावकीतला. पावसाळा संपला की उत्तरेकडनं येतात, पार रशियाकडनं. काही हितं ऱ्हातात, काही पुढं जातात." भीमसेनचा चेहरा उजळला. या विषयावर कुणी आपणहून विचारण्याची त्याला सवय नसावी. "त्यांच्यात दोन जाती अशा हाईत की माद्या अगदी सारख्या. तपकिरी, शेपटीच्या बुडाला पांढरा डाग. फरक एवढाच, एकीच्या मानेभवती फिकट पट्टा असतो, कंठी घातल्यागत. उडताना नुसत्या डोळ्याला कळत न्हाय. नीट फोटो मिळाला तरच सांगता येतं कोणती ते."

"माळकरी घार," रवळू म्हणाला. भीमसेन हसला. रवळू हसला नाही. "आन मिळतंय काय त्यातनं?"

"काय न्हाय. रोलला घरचंच घालतो."

रवळूनं मान डोलावली. घरचं घालून घारींच्या गळ्यातल्या कंठ्या बघत फिरणारा माणूस त्यानं आजवर पाहिला नव्हता, आणि आजही पाहत नाही याची त्याची खात्री होती. "फोटोत नुसती घारच येती? का बाकीचं बी?"

"समोर असंल ते सगळंच येतं की. मला तिची पाठ न् मान बघायची असती, म्हणून मी वर बसतो आणि ती खालनं जाते. मग मागं भात, बांध, सगळं आलंच."

"आन मंगळवारच कसा काय धरलासा?"

"बाकीच्या दिवशी रानात माणसं असतात, पक्षी खाली उतरत न्हाय. मंगळवारी तुमच्याकडं रान रिकामं असतं असं कळालं, मग आठवड्याची सुट्टीच बदलून घेतली. तुमच्याच गावच्यांनी सांगितलं. बसमध्ये भेटलते. भरमू म्हणून."

बस आली आणि भीमसेन गेला. रवळू कट्ट्यावरच बसून राहिला. संशय खरा ठरल्यावर माणसाला वाईट वाटायला हवं, पण त्याला आधी बरं वाटलं. आपण उगीच कुणाला नावं ठेवत नाही हे आज सिद्ध झालं होतं. वाईट नंतर वाटलं.

आता फोटो बाहेर येण्याच्या आधी फोटोवाल्यालाच खोटा पाडायचा. दुसऱ्या दिवशी देवळाच्या कट्ट्यावर पंच बसलेले असताना रवळू गेला आणि म्हणाला की वाराच्या दिवशी एक परका माणूस आपल्या रानावर दुर्बिणीसारखं काहीतरी रोखून बसतो. तुला कसं कळलं असं कुणीतरी विचारलं. पाहुण्याकडं जाताना वाटेवरनं दिसला, असं तो म्हणाला. पाहुण्याचं निमित्त असं दोनदा कामाला आलं.

कट्टा पेटला. एक म्हणाला, बेंगळूरची मोजणी असणार. दुसरा म्हणाला, छे, मुंबईची. तिसरा म्हणाला की दोन्ही सरकारं आपल्याला कागदावर मोजून दमली, आता चोरून फोटो काढायला लागली. पुजाऱ्याला भलतीच शंका आली. यात्रेला देवीचे दागिने बाहेर निघणार, त्याची पाळत असेल. फक्त जोतिबा हवालदार गप्प होता. मराठा पलटणीतून पेन्शनीत आलेला माणूस, त्याला गावात कुणी सहसा खोडत नसे.

"फोटो बघितल्याबिगर कुणी काय बोलायचं न्हाय," जोतिबा शेवटी म्हणाला. "रोल धुतला की पट्टी ऱ्हाती, पट्टीवर आकडे असत्यात. जेवढे आकडे तेवढे फोटो आणून दाखवायचे. तवर कॅमेरा आपल्याकडं. एक आकडा कमी पडला तरी कॅमेरा द्यायचा न्हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. रवळूलाही डोलवावी लागली. आपण स्वतः येऊन, तोंड उघडून, आपलाच फोटो सगळ्या गावासमोर मागवला आहे हे त्याच्या डोक्यात शिरलं तेव्हा त्याचे कान गरम झाले. कट्ट्याच्या टोकाला भरमू बसला होता. तो एक काटकी घेऊन जमिनीवर रेघा ओढत होता आणि चकार शब्द बोलत नव्हता. रवळूला ते गप्प बसणं जिंकलेल्या माणसाचं वाटलं.

पुढच्या मंगळवारी भीमसेनला माळावरून देवळापाशी आणलं. माळ म्हणजे शेत नव्हे, तेव्हा माळावर बसल्यानं वार मोडतो की नाही यावर थोडी बाचाबाची झाली, पण कॅमेरा ठेवून घ्यावा यावर कुणाचं दुमत नव्हतं. भीमसेननं आरडाओरडा केला नाही. दोन्ही मंगळवारांचा रोल संपलाच होता, तो त्यानं उलटा गुंडाळून काढून घेतला आणि कॅमेरा जोतिबाच्या हातात दिला. "रविवारी रजा काढून सगळे फोटो घेऊन येतो," तो म्हणाला. "भिंगाला बोट लावू नका." त्याला देवळाच्या आवारात कुणी बसायला सांगितलं नाही.

शनिवारी रवळू बाजाराला जातो म्हणून बेळगावला गेला. टेलिफोन ऑफिसात कळलं की भीमसेनची पाळी संपलीय, मग विचारत विचारत त्याच्या घरी पोचला. दारात एक म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. भीमसेनची आई, तानीबाई. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकं, आणि दोरीवर चिमट्यांनी अडकवलेले ओले फोटो.

तानीबाईनं चहा आणून पुढं ठेवला. रवळूनं कपाकडं बघितलं. अशा घरात त्यानं आजवर पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, आणि हे त्या म्हातारीला तोंड बघून कळलं असणार. ती कप ठेवून तिथंच उभी राहिली. रवळूनं चहा उचलला आणि एका दमात प्याला. मन मोठं झालं म्हणून नव्हे, काम होतं म्हणून. म्हातारीनं रिकामा कप उचलला आणि आत गेली.

"त्या पहिल्या मंगळवारचे फोटो बघायचे हुते," रवळू म्हणाला. "म्हंजे घार बघायची हुती. कंठीवाली."

भीमसेननं एक मोठा फोटो त्याच्यासमोर ठेवला.

घार अगदी मधोमध होती. पंख पसरलेले, मान किंचित वळवलेली, आणि मानेभोवती फिकट पट्टा, कुणी हातानं घातल्यासारखा स्वच्छ. "हीच ती," भीमसेन म्हणाला, आणि त्याही परिस्थितीत त्याच्या आवाजातला आनंद लपला नाही. "तीन वर्षं हिच्या मागं हाय मी. हा एकच फोटो असा मिळालाय."

रवळूनं घारीकडं बघितलंच नाही. तो खाली बघत होता. फोटोच्या डाव्या कडेला, भातातून वर आलेलं त्याचं तोंड होतं. टोपी, मिशी, उघडं तोंड, सगळं ओळखू येत होतं. मधून बांध गेला होता, गवतानं भरलेला, कुठं कुदळीचा ओरखडासुद्धा नसलेला. आणि बांधाच्या उजव्या अंगाला, घारीच्या पंखाखाली, चौकड्याचा शर्ट घालून भरमू पोटावर पडला होता. त्याचं तोंड बांधाकडं होतं. दोघांच्यात फक्त तो बांध होता.

तो पण वाट बघत होता. रवळूच्याच वाटेवर डोळे लावून, दिवसभर, त्याच किड्यांत, त्याच ओलीत. म्हणजे भरमूच्या मते बांध भरमूकडं सरकत होता. इतकी वर्षं दोघंही एका न हलणाऱ्या बांधाची राखण करत आले होते. रवळूला एकदम हसू आलं आणि लगेच जिरलं, कारण त्याच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली. भरमूनंही वार मोडला होता. आता एकटा रवळू सापडत नव्हता. आणि रवळूचं तोंड फोटोच्या अगदी कडेला होतं.

"ही डावीकडची कड थोडी कमी करता येती काय?" त्यानं विचारलं.

"येती. कागदावर घ्यायचीच न्हाय तेवढी. पट्टीवर ऱ्हाती, पण तिथं एवढं बारीक कुणाला कळत न्हाय."

"मग काढा की तेवढी. घारीला काय धक्का लागत न्हाय." त्यानं आवाज खाली आणला. "उजवीकडचं मात्र ऱ्हाऊ दे. गावाला दिसाय पायजे कोण काय करतंय ते."

भीमसेननं फोटोंच्या चवडीखालून दुसरा एक फोटो काढला आणि पहिल्याच्या शेजारी ठेवला. घार तीच, बांध तोच, पंखाखाली भरमू तोच. डावी कड नव्हती.

"कालच करून ठेवलाय," भीमसेन म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

भीमसेननं फोटोतल्या चौकड्याच्या शर्टावर बोट ठेवलं. "हे आलते. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला काढलं तर पंख जातो, आणि पंखाबिगर ह्या फोटोला किंमत न्हाय. फोटो लपवला तर माझा कॅमेरा जातो. ते म्हणाले, मग मी ऱ्हाऊ दे. डावीकडचा तेवढा काढा."

आतून तानीबाईनं कप विसळल्याचा आवाज आला. रवळू उठला, पायताण घातलं आणि निघाला. फोटो आपल्याला हवा होता तस्साच झाला होता. जे मागायला आलो ते मिळालं, आणि तरी बसमध्ये बसल्यावर त्याला दोन्ही खिसे धरायचं सुचलं नाही.

रविवारी देवळाच्या कट्ट्यावर फोटो मांडले. जोतिबानं पट्टी उन्हाकडं धरून एकेक आकडा जुळवला. बहुतेक फोटोंत नुसतं आभाळ आणि एक ठिपका होता. लोक हिरमुसले. सरकार नव्हतं, मोजणी नव्हती, देवीच्या दागिन्यांवर कुणाचा डोळा नव्हता. मग तो फोटो आला आणि सगळ्यांची डोकी त्यावर एकत्र आली.

"मीच हाय त्यो," भरमू मागून म्हणाला आणि पुढं आला. "बांध बघाय गेलतो."

"वाराच्या दिवशी?"

"व्हय. चुकलं."

कुणीतरी हसलं, कुणीतरी चुकचुकलं. पुजाऱ्यानं नारळ आणि तेल सांगितलं. दोरी बंद. जोतिबानं आपल्या जुन्या कांबळ्यात गुंडाळलेला कॅमेरा भीमसेनच्या हातात दिला आणि माफी न मागता चहा घेणार का विचारलं. भीमसेन नको म्हणाला. जाताना तो रवळूजवळून गेला, पण त्याच्याकडं त्यानं बघितलं नाही. रवळूला वाटलं, बघितलं असतं तर बरं झालं असतं.

सोमवारी संध्याकाळी वाराची हाळी होती, आणि हाळीबरोबर वार मोडणाऱ्याचं नाव. रवळू वरच्या गल्लीतून निघाला. उद्या वार हाय, रानात कुणी जायचं न्हाय, आणि वार मोडून रानात गेलेला भरमू देवीचा गुन्हेगार हाय. लोक दारात येऊन ऐकत होते. मधल्या गल्लीत भरमूचं घर. भरमूची बायको गुणाबाई उंबऱ्यात उभी होती, तिनं रवळूला बघितलं आणि पदर ओढून आत गेली. भरमू बाहेरच बसला होता. रवळूनं त्याच्या तोंडावर त्याचं नाव पुकारलं. मग जवळ गेला.

"का केलंस रं?" त्यानं हळूच विचारलं.

भरमूनं खांदे उडवले. "फोटोत मी तर ऱ्हाणारच हुतो. दोघांनी बुडून काय मिळतंय? आन मान माझ्याकडं आला तर हाळी कोण देणार? माझा आवाज दारापतूर बी जात न्हाय. तुझा सगळ्या गावाला ऐकू जातो."

"एवढंच?"

"आनि काय असतंय?" भरमू म्हणाला. "बांध कोण कोरत न्हाय, ते आता दोघांनी बी बघितलं. जा, खालची गल्ली ऱ्हायलीय."

रवळू खालच्या गल्लीकडं निघाला. एका नावाचं काम होतं. भरमूच्या नावामागं आपलं नाव जोडायचं, बस्स. मान गेला असता, पण छातीवरचं हे ओझं तरी उतरलं असतं. ते नाव त्याच्या ओठापर्यंत आलंही होतं. आणि तेवढ्यात त्याच्या मनात आलं, भरमूला हेच तर हवं नसेल? भरमूनं उपकार करायचे, रवळूला लाज वाटायची, रवळू आपल्या तोंडानं कबूल होणार, आणि मान आपसूक भरमूच्या दारात. बसमध्ये त्या फोटोवाल्याला मंगळवार सांगितला तो याच भरमूनं.

हे खरं नाही हे त्याला कळत होतं. पण हा विचार आला आणि त्याला बरं वाटलं, फार बरं वाटलं. खालच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यानं एकट्या भरमूचं नाव पुकारलं, आणि ते सगळ्या गावाला ऐकू गेलं.